केळ्यावरचे टाके

आमच्या सरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. म्हणजे राहत असणार, पण राहत नाहीत असं ते जाहीर करून बसले होते, आणि एकदा जाहीर केलं की मागं हटायचा त्यांचा स्वभाव नव्हता. समोरून कुणी "नमस्कार सर" म्हणालं की ते आधी त्याच्या हातांकडं बघत. "नखं काप," म्हणत आणि पुढं जात. तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली सर्जरी शिकले, पण त्यांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही. मुलगी असली की आक्का, मुलगा असला की आप्पा. नऊ रेसिडेंट होतो आम्ही, दोन आक्का आणि सात आप्पा. एकदा त्यांनी वॉर्डात "आप्पा, इकडं ये रं" म्हणून हाक मारली, तर चार रेसिडेंट, एक वॉर्डबॉय आणि खाटेवरचे एक हर्नियाचे आजोबा, असे सहाजण हजर झाले. आजोबांना आम्ही परत नेऊन झोपवलं.

नाव न घेण्यामागं त्यांचा हिशेब होता. बेळगावात नाव कळलं की आडनाव कळतं, आडनावावरून गाव कळतं, गावावरून घरात मराठी बोलतात की कन्नड ते कळतं, आणि मग माणूस पुढचं काही बघायच्या भानगडीतच पडत नाही, असं ते म्हणत. मी सीमावादात गाजलेल्या येळ्ळूरची. गावाचं नाव सांगितल्यावर समोरच्याच्या कपाळाला काय होतं, ते मला कुणी शिकवायला नको. त्यामुळं आमच्या बॅचमधली निम्मी पोरं सरांच्या ह्या आक्का-आप्पाला हसायची, पण मी कधी हसले नाही.

सर स्वतः निपाणीकडचे, जैन शेतकऱ्याच्या घरातले. घरची तंबाखू. दर वर्षी नवे रेसिडेंट आले की ते एक गोष्ट सांगत. त्यांच्या वडिलांच्या काळी तंबाखूची प्रत ठरवणारा एक माणूस होता. तो गाडी कुणाची ते बघायचा आणि मग पान हातात घ्यायचा. एका वर्षी वडिलांनी आपली निम्मी तंबाखू गावातल्या एका वजनदार माणसाच्या गाडीत घालून पाठवली. शेत तेच, पान तेच, वाळवणही तेच. त्या गाडीतली पहिल्या प्रतीत गेली आणि घरच्या गाडीतली दुसऱ्या.

"त्या माणसाला पान कळत न्हवतं असं न्हाई हं," सर सांगत. "लई कळत हुतं. पण त्यानं गाडी आधी बघितली."

एवढं बोलून ते आमच्याकडं बघायचे आणि मग पडद्याकडं बोट दाखवायचे.

पडदा म्हणजे सरांचं दैवतच. खासबागेतून त्यांनी मागावरचं जाडजूड कापड आणलं होतं, तपकिरी रंगाचं. सेमिनार रूमच्या टोकाला ते टांगलेलं असायचं आणि त्याला हाताच्या उंचीवर दोन भोकं होती. शेवटच्या वर्षाच्या हस्तकौशल्याच्या चाचणीला आम्ही पडद्यामागं बसायचं, ग्लोव्ज घालून हात भोकांतून पुढं काढायचे आणि समोरच्या टेबलावर टाके घालायचे. टेबलावर फक्त एक नंबर असे. परीक्षकांनी हात बघायचे आणि मार्क द्यायचे. तोंडी बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही, कारण सरांच्या मते खोकल्यावरून माणूस ओळखू येतो. एकाला खरोखर सर्दी झाली होती तर त्याची चाचणी त्यांनी आठवडाभर पुढं ढकलली.

आणि टाके घालायचे ते केळ्यावर. बाकी ठिकाणी बकऱ्याचे पाय आणतात. सरांच्या विभागात असलं काही चालत नसे. धर्म हे एक कारण होतंच, पण ते दुसरंच सांगत. "बकरं मेलंय. त्याला कुठं बरं व्हायचंय? तू टाका कसाबी घाल, त्याची तक्रार न्हाई." केळं मात्र तक्रार करतं असं त्यांचं म्हणणं. सालीवर चीर द्यायची, आठ टाके घालायचे, आठवा झाला की सर "साकु" म्हणत, म्हणजे पुरे. मग ते केळं नंबर लावून कपाटात ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी उघडायचं. सुईच्या भोकाशी बारीक काळा ठिपका सगळ्यांच्याच केळ्याला येतो. पण टाका जास्त आवळलेला असला की दोऱ्याच्या दोन्ही बाजूंनी काळा पट्टा उमटतो. माणसाच्या कातडीचंही तसंच होतं, आवळलेल्या टाक्याखालचं रक्त थांबतं आणि जखम भरायची ती कुजते. केळं नापास म्हणजे माणूस नापास, मग हात कितीही सफाईनं चालू देत.

सूर्य मावळायच्या आत जेवायचं असल्यामुळं सरांची चाचणी कधी लांबली नाही, हा एक फायदा होता.

हे सगळं सुरळीत चाललं होतं तोवर यादी आली. वरून आली, म्हणजे कुठून ते कुणाला धड माहीत नव्हतं. वीस मुद्द्यांची छापील यादी, प्रत्येक मुद्द्याला एक मार्क, पास व्हायला चौदा हवेत. विभागात दुसऱ्या प्रोफेसर मॅडम होत्या, त्यांना यादी फार पटली. त्यांचंही चुकीचं नव्हतं. मनाला येईल तसे मार्क देण्यापेक्षा सगळ्यांना एकच माप लावलेलं बरं, असं त्या म्हणायच्या आणि त्याप्रमाणं चोख वागायच्या. सरांनी यादी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि मॅडमना दिली. "हात तुम्ही बघा. केळं मी बघतो."

आता माझी भानगड सांगते. मी डावरी. लहानपणी आईनं डाव्या हातावर उलथनंसुद्धा मारून बघितलंय, पण हात काही बदलला नाही. टाके घालताना नीडल होल्डर, म्हणजे सुई धरायची पकड, डाव्या हातात आणि फोर्सेप, म्हणजे चिमटा, उजव्यात. आणि त्या वीस मुद्द्यांत चार ठिकाणी लिहिलं होतं उजवा हात. नीडल होल्डर उजव्या हातात धरला. सुई उजव्या मनगटाच्या वळणानं बाहेर काढली. अशी चार. मॅडमनी चार फुल्या मारल्या. मला तेरा पडले.

नियम असा होता की हातांत नापास झालेल्याचं केळं ठेवायचंच नाही. माझं केळं त्याच संध्याकाळी कचऱ्यात गेलं. ह्या चाचणीत पास झाल्याशिवाय अंतिम परीक्षेच्या फॉर्मवर सही मिळत नसे, आणि दोनदा नापास म्हणजे सहा महिने मागं. तीन वर्षं घासल्यावर, बरोबरची सगळी पुढं जाताना मी एकटीनं मागं राहायचं, आणि ते कशासाठी तर देवानं दिलेल्या हातासाठी. माझं डोकं इतकं तापलं होतं की त्या दिवशी मी कुणाशी धड बोलले नाही.

बाबांना फोन केला. बाबा शेती करून शहरात नोकरीही करणारे, त्यांना सगळ्यावर व्यवहारी तोडगा सुचतो. "महिनाभर उजव्यानं कर की गं," म्हणाले. "पास झालीस की मग तुझा हात तुला." मी करून बघितलं. उजव्या हातानं घातलेले माझे टाके बघून माझ्या रूममेटनं विचारलं, गाडी चालू असताना घातलेस काय.

मग मी सरांकडं गेले. वाटलं होतं, निदान वाईट वाटलं असं तरी म्हणतील. सर खिडकीत उभे होते आणि चेहरा इतका पडलेला होता की क्षणभर मला बरं वाटलं.

"आक्का," म्हणाले, "पडदा फुकट गेला."

मला कळेना.

"भोकातनं हात आलं की सगळ्यास्नी कळतं ही डावरी आली म्हणून. म्हंजे नाव सांगितल्यागतच झालं. इतकी वर्षं मी पडदा लावतोय, आणि पडदा कसला, चाळण हाय ती."

माझ्या नापास होण्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. पडदा नापास झाल्याचं दुःख होतं. मी तिथून निघाले ती मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

पुढची चाचणी सरांनी परत नऊही जणांची नव्यानं ठेवली. तिच्या आदल्या दिवशी सर खडेबाजारातून चालत येताना दिसले, खांद्यावर सलूनमधला असतो तसला लांबलचक आरसा. रिक्षावाला घ्यायला तयार नव्हता म्हणून चालत आले म्हणे. सकाळी आम्ही बघतो तर सेमिनार रूममध्ये परीक्षकांच्या खुर्च्या टेबलाकडं पाठ करून ठेवलेल्या, आणि त्यांच्यासमोर भिंतीला आरसा. मागं वळायचं नाही, हात आरशातच बघायचे.

"सर, आरशात उजवा हात डावा दिसतो," मॅडम म्हणाल्या.

"दिसू दे की."

"मग मी यादी कशी भरू?"

"दिसंल तशी भरा. यादीत मनातलं घालायचं न्हाई असं तुम्हीच म्हणता न्हवं? सगळ्यास्नी एकच यादी, तसा सगळ्यास्नी एकच आरसा."

मॅडमचा चेहरा लाल झाला. पण त्याही कमी हट्टी नव्हत्या. "ठीक आहे सर," म्हणाल्या, "मी दिसेल तसंच लिहीन." आणि खरोखर तसंच लिहिलं.

दुपारी चार वाजता आम्हा नऊजणांना समोर बसवून मॅडमनी नंबरवार मार्क वाचले. चार-चार फुल्या आठजणांना. एकट्या सहा नंबरला उजव्या हाताचे चारही मार्क. सहा नंबर मी होते. आप्पामंडळी उसळली. खानापूरचा एक तर उभाच राहिला. "सर, हा अन्याय आहे. मी सगळं उजव्या हातानंच केलंय. चार मार्क गेले म्हणून माझा तीन नंबर नापास कसा होईल?"

"व्हय की," सर शांतपणे म्हणाले. "मागच्या वेळी ही तुमच्यात बसली हुती आणि तिचेबी चारच गेले हुते. तवा कोण उठलं न्हाई."

खानापूरवाला खाली बसला. मलाही कुणाकडं बघावंसं वाटेना.

"मॅडम, आता तुम्ही सांगा. आरसा काढू, का यादी दुरुस्त करायची?"

मॅडमनी तो कागद पुढं ओढला. मग त्यांनी पेन काढलं, चारही ओळींवर एक-एक रेघ मारली, "उजव्या" च्या जागी "स्थिर" लिहिलं आणि प्रत्येक खाडाखोडीवर सही केली. वर पत्रही मी लिहिते म्हणाल्या. माझी पहिली चाचणी रद्द धरायची, हेही त्यांनीच सांगितलं. चुकलं हे कबूल करायला मोठं मन लागतं, आणि त्या दिवशी मला मॅडमबद्दल जो आदर वाटला तो आजही आहे. ह्या चाचणीत हातांचे मला सतरा मार्क पडले होते. मी वसतिगृहावर जाऊन दोन प्लेट मिसळ खाल्ली.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं.

सहा नंबरच्या केळ्यावर आठ टाके आणि आठही टाक्यांना दोन्हीकडून काळे पट्टे. दोन ठिकाणी दोरा सालीत रुतून साल फाटली होती. इतर दोघांचीही केळी नापास होती, पण माझ्याइतकं काळं कुणाचंच नव्हतं. महिनाभर मी सगळ्या जगाला डाव्या हाताची कैफियत सांगत फिरले होते, आणि त्या चार फुल्यांच्या मागं हे एवढं काळं लपलं होतं.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "सर, हिच्यावर आधीच अन्याय झालाय. केळ्याचं एवढं मनावर घेऊ नका. पास करू."

"न्हाई," सर म्हणाले.

"सर, फॉर्मला तीनच आठवडे राहिलेत."

"तिच्याकडं बघून पास केली तर परत गाडीच बघितली की ओ आपण. कीव आली म्हणून प्रत वाढवायची, हेबी तसलंच." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "आक्का, मागच्या वेळी तुला उगंच नापास केलतं. आता तू खरंच नापास झालीस. आता तुला शिकवता येतंय."

त्या क्षणी तो माणूस मला अजिबात आवडला नाही. हे लिहिताना लपवायचं कशाला. ज्याच्या आरशासाठी मी मनातून हात जोडले होते, त्यानंच मला पाडलं. मी रागानं विचारलं, "कधीपासून शिकवणार?"

"सकाळी सहाला ये."

सकाळी सहाला सर माझ्यासमोर बसले. शेजारी नाही, समोर. "मी उजवा, तू डावरी. समोरासमोर बसलं की हात जुळतात." दोन दिवस तसं केलं, पण माझा टाका इतका का आवळला जातो ते त्यांना कळेना. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, मला चार दिवस दे. चार दिवसांनी आले तर त्यांच्या डब्याच्या कडीला, चष्म्याच्या दोरीला, शर्टाच्या वरच्या बटणाला, सगळीकडं नायलॉनच्या गाठी. गाडीच्या स्टिअरिंगवर तर झालरच झाली होती, असं त्यांच्या ड्रायव्हरनं मला सांगितलं. साठीला आलेला माणूस चार दिवस डाव्या हातानं गाठी मारत बसला होता.

"सापडलं," म्हणाले. "आम्ही तुला गाठ आमच्या अंगानं शिकवली. तू बघून बघून केलीस. त्यात तुझा दुसरा फेरा उलटा पडतोय, म्हणून गाठ सरकती. सरकती म्हणून तू जीव खाऊन आवळतीस. चूक आमची आणि शिक्षा केळ्याला."

तीन वर्षांत मला एकानंही हे सांगितलं नव्हतं, कारण माझे हात बघणारा प्रत्येकजण डावा हात बघून थांबला होता.

मग त्यांनी मला पिळून काढलं. रोज सकाळी सहा ते आठ, राउंडच्या आधी. दुसरा फेरा सरळ पडायला लागला तरी हाताची आवळायची सवय जाईना. सर दोऱ्याखाली टाचणी ठेवून मला गाठ मारायला लावत. टाचणी सहज ओढून निघाली पाहिजे, आणि निघाल्यावरही गाठ ढळता कामा नये. निघाली नाही की म्हणत, "सोड. परत." शंभरदा म्हणाले असतील. केळी इतकी लागत की बाजारातला केळीवाला विचारायचा, डॉक्टर, घरात माकडं पाळलीयत काय. ती केळी खाऊन खाऊन माझ्या रूममेटनं उपोषणाची धमकी दिली. एकदा मी कंटाळून म्हटलं, सर, माझ्याच्यानं होत नाही. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "होत न्हाई ते कळलं. परत."

फॉर्मच्या आधीची शेवटची चाचणी आली. नापास तिघेच होतो, पण सरांनी नऊच्या नऊजणांना परत बसवलं, म्हणजे तिघे वेगळे दिसायला नकोत. आरसाही त्यांनी उतरवला होता, कारण आरशातसुद्धा मी एकटी उजवी दिसणार, म्हणजे ओळखू येणारच. ह्या वेळी थिएटरच्या सिस्टरनी प्रत्येकाच्या हातांचं मोबाइलवर चित्रण केलं, मग चिठ्ठ्या टाकून काही चित्रणं उलटी करून घेतली. परीक्षकांसमोर नऊ जोड्या हात आले, काही डावे काही उजवे, आणि खरं कोणतं ते सिस्टरशिवाय कुणाला ठाऊक नाही. ही युक्ती सिस्टरचीच. आरसा ओढत आणण्याआधी मला का विचारलं नाही, असं त्या सरांना सगळ्यांसमोर म्हणाल्या.

आणि सर स्वतः परीक्षक म्हणून बसले नाहीत. "तिची गाठ आता मी ओळखतो," ते मॅडमना म्हणाले. "अर्धी माझीच हाय ती. मला बघता यायचं न्हाई." केळी बघायला विभागातले दुसरे सर्जन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडायच्या वेळी सर बाहेरच्या बाकावर बसून होते. आठपासून बसले होते, असं वॉर्डबॉय म्हणाला. आत नंबर वाचले गेले, आठ नंबरच्या केळ्यावर नुसते बारीक ठिपके होते, आणि आठ नंबर मी होते. मी बाहेर आले.

"कुणी ओळखलं?" सरांनी विचारलं.

"न्हाई सर. मॅडम म्हणाल्या, पाच नंबर डावरा असणार. पाच नंबर आपला खानापूरवाला निघाला."

सरांना हसू आवरेना. तीन वर्षांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ते उठले आणि चालायला लागले. पास का नापास, काही विचारलंच नाही.

"सर," मी मागून म्हटलं, "पास झाले मी."

"कोण?" मागं न वळताच त्यांनी विचारलं.

"आठ नंबर," मी म्हटलं.

"बरं झालं. आठ नंबरला निरोप सांग. उद्या सकाळचा पहिला हर्निया तिनं करायचा. सुरी तिच्या हातात. मी समोर मदतीला उभा हाय म्हणावं."

"सांगते सर," मी म्हटलं, आणि ते कोपऱ्यावर वळेपर्यंत कशीबशी उभी राहिले, मग त्याच बाकावर बसून पोटभर रडले.